वेरूळचा विसरलेला फारसी साक्षीदार

वेरूळची लेणी पाहून लिहिणाऱ्या जुन्या प्रवाशांची नावे निघाली की ती बहुधा युरोपियनांची असतात. फ्रान्सचा थेवनो सतराव्या शतकात येऊन गेला. इंग्रज कप्तान सीली १८१० साली मुंबईहून निघाला. त्याचे पुस्तक १८२४ साली छापले गेले. पण थेवनोच्या अर्धशतक आधी वेरूळचे सविस्तर वर्णन फारसीत लिहिले गेले होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

ते लिहिणारे होते रफीउद्दीन इब्राहीम शिराझी. जन्म इराणच्या शिराझचा. तरुणपणी व्यापारासाठी दख्खनमध्ये आले आणि विजापूरच्या अली आदिलशहाकडे खानसालार, म्हणजे शाही स्वयंपाकघराचे प्रमुख झाले. उतारवयात, १६०८ नंतर, त्यांनी 'तज्किरतुल मुलूक' हा इतिहास लिहिला.

लेणी कोणी कोरली याची खरी माहिती त्यांना नव्हती. कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण (७५६–७७३) याच्या काळातले, हे संशोधन फार पुढचे. शिराझींनी परचंद राव नावाच्या राजाची दंतकथा नोंदवली. पण त्यांची नजर पाहा. दगडातल्या आकृतींत त्यांना जुन्या बादशाहीची शान दिसली, आणि आपल्या मायदेशातील तख्ते जमशीदच्या अवशेषांच्या पंगतीत त्यांनी वेरूळला बसवले. परक्या धर्माचे म्हणून नाक मुरडले नाही.

ही नजर एकट्या शिराझींची नव्हती. खुद्द औरंगजेबाने एका पत्रात वेरूळची तारीफ केली आहे. त्याची कबर तिथून जवळच, खुलताबादला आहे.

मध्ययुगात कुठे मूर्ती फुटल्याच नाहीत, असे कोणी म्हणू नये. इतिहासाची वकिली करायची नसते. पण फोडणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या इतिहासाने थक्क होऊन पाहणाऱ्यांचीही ठेवावी, एवढी मागणी रास्त आहे.

ती नोंद आहे. फक्त फारसीत आहे. आमच्या पिंपळे गुरव परिसरातली मुले सहलीला वेरूळ पाहतात, माहिती मात्र इंग्रजांच्या ओळखीने घेतात. उर्दू शिकणाऱ्या मुलाला फारसीची लिपी आणि निम्मे शब्द आधीच ओळखीचे असतात. त्याने आणखी थोडी मेहनत घेतली आणि ही पाने मराठीत आणली, तर त्याचा फायदा केवळ मुसलमानांना होणार नाही. महाराष्ट्राला आपल्याच लेण्यांचा एक जुना साक्षीदार परत मिळेल.