टेलिस्कोपचा आरसा मशीनवर घासून बनवता येतो का?

घरी टेलिस्कोप बनवायचा तर खरं काम आरशाचं. पुण्याच्या ‘आयुका’मध्ये अरविंद परांजपे यांच्या पुढाकाराने झालेल्या कार्यशाळांत हौशी मंडळींनी काच हाताने घासून आरसे बनवले. हेच काम मशीनवर होतं का? होतं. पण मशीन फक्त मेहनत वाचवतं; आरसा बरोबर झालाय का, हे त्याला कळत नाही.

मशीनमध्ये काय असतं?

हळू फिरणारं टेबल आणि त्यावर आरसा. आरशावर ‘लॅप’ म्हणजे पिच या राळेसारख्या पदार्थाचा थर दिलेली चकती. मधे सेरियम ऑक्साइड आणि पाणी. क्रँकला जोडलेला दांडा लॅप पुढे-मागे ढकलतो. मी कोल्हापूरचा, त्यामुळे शाफ्ट, क्रँक, बेअरिंगची चिंता नाही. उद्यमनगरात टर्निंग करून मिळतं. तीन गोष्टी मात्र पाळा:

- आरसा टेबलावर घट्ट आवळू नका. काच वाकते आणि तारे लांबट दिसतात.
- टेबल आणि क्रँकच्या फेऱ्यांचं प्रमाण 1:5 असं पूर्णांकी नको. लॅप त्याच रेषांवरून पुन्हा पुन्हा जातो.
- आपल्याकडच्या मे महिन्यात पिच मऊ पडतं. तेव्हा जरा कडक पिच वापरा.

फिगरिंग म्हणजे काय?

पॉलिशनंतर आरसा साधारण गोलाकार पृष्ठाचा असतो. आपल्याला पॅराबोला हवा. 150 मिमी व्यास आणि 1200 मिमी नाभीय अंतराच्या आरशात मध्यबिंदू जुळवला, तर कडेला दोन्ही आकारांत फरक फक्त 0.29 मायक्रॉन. तेवढ्याच नाभीय अंतराचा 200 मिमी आरसा घेतला तर तो 0.9 मायक्रॉन, म्हणजे तिप्पट. पहिला आरसा 150 मिमीचाच का घ्यावा, ते इथे कळतं.

हा फरक फुकोच्या 1858 च्या चाचणीने मोजता येतो. आरशापासून 2400 मिमीवर बारीक फटीतून प्रकाश सोडायचा आणि परतणारा प्रकाश ब्लेडने कापत सावल्या बघायच्या. दिवा आणि ब्लेड एकत्र सरकत असतील, तर मध्य आणि कड यांच्या रीडिंगमध्ये सुमारे 1.17 मिमी फरक यायला हवा.

मशीन कुठे थांबवायचं?

गोलाकार पृष्ठ मिळेपर्यंत मशीन तासन्‌तास चालू द्या. फिगरिंगला मात्र छोटा लॅप लावून मध्यभाग थोडा खोल करायचा, तोही काही मिनिटंच. मग थांबा. घासल्याने काच तापलेली असते. ती थंड होईपर्यंत घेतलेलं रीडिंग खोटं असतं.

आमच्या कामात चुकलेला कोड मागे घेता येतो. इथे निघालेली काच परत बसवता येत नाही. मध्य जास्त खोल गेला तर मोठा लॅप लावून पुन्हा गोलाकारापासून सुरुवात. कड खाली गेली तर सगळं पृष्ठच उतरवावं लागतं. म्हणून मशीनच्या आधी चाचणीचा स्टँड बनवा, आणि प्रत्येक रीडिंग वहीत लिहा.