जुने पिक्चर आणि भाड्याची खोली



मागच्या महिन्यात आमच्या गटाची सभा होती. बचत जमा झाली, वहीत सह्या झाल्या, दोघींच्या कर्जाचं बोलणं व्हायचं होतं. तेवढ्यात कुणाच्या तरी फोनवर ‘अशी ही बनवाबनवी’चा एक तुकडा वाजला आणि कर्ज राहिलं बाजूला. साठी उलटलेल्या मावशींपासून गेल्या वर्षी लग्न होऊन आलेल्या सूनबाईंपर्यंत सगळ्या जणी पुढचे संवाद म्हणायला लागल्या. ही सूनबाई जन्मली तेव्हा तो पिक्चर येऊन बारा-पंधरा वर्षं झाली होती. तरी तिला तोंडपाठ!

असे जुने, प्रेमाचे आणि गमतीचे पिक्चर आपल्याला पुन्हा पुन्हा का बघावेसे वाटतात, ते आज बोलू या.

लोक म्हणतात, तो काळच साधा-सोपा होता म्हणून. मला हे पटत नाही. यातले बरेच पिक्चर नीट बघा, हसण्याच्या खाली एकच रड सापडते: राहायला जागा नाही.

१९७० साली राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ आला. त्यावरूनच बासू चटर्जींनी १९७२ साली हिंदीत ‘पिया का घर’ केला, जया भादुरीचा. गावाकडच्या मोठ्या घरातली मुलगी लग्न होऊन मुंबईत येते, आणि बघते तर काय, इवल्याशा जागेत अख्खं कुटुंब. नवरा-बायकोला दोन शब्द बोलायला आडोसा नाही. बोलायला लागले की कुणीतरी येतंच. आपण हसतो, पण ज्या सुनेनं सासरी पहिली दोन वर्षं अशी काढली, तिला ते हसू कुठून येतं ते ठाऊक असतं.

जागेची ही टंचाई आली कुठून? शहरात गर्दी वाढली हे तर खरंच. पण एक कायदाही होता. १९४७ साली भाडे नियंत्रणाचा कायदा झाला. मालकानं वाटेल तशी भाडी वाढवू नयेत, भाडेकरूला रस्त्यावर काढू नये, हा त्याचा चांगला हेतू. झालं असं की भाडी जुन्या दराला बांधली गेली, आणि एकदा आत आलेला भाडेकरू निघेना. मग मालक खोली द्यायलाच कचरायला लागले. द्यायची तर पागडी घ्यायची, नाहीतर अटी घालायच्या. एकट्या पुरुषांना नको, बिऱ्हाड असेल तर या.

‘बनवाबनवी’ची सगळी गोष्ट याच अटीवर उभी आहे. १९८८ साली सचिन पिळगांवकरांनी तो केला, संवाद वसंत सबनीसांचे. गोष्ट मात्र मुळात आपली नाही. हृषीकेश मुखर्जींचा १९६६ सालचा ‘बीवी और मकान’ आहे ना, त्यावरची ती. पुण्यात चौघे मित्र खोली शोधतात. घरमालकीण लीलाबाई म्हणतात, जोडप्यांनाच देईन. मग सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे लुगडं नेसून बायका होतात, आणि पुढचं तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे.

आता आमच्या माण-खटाव भागातली गोष्ट ऐका. इथले, कोकणातले, कोल्हापूर-सांगलीकडचे कितीतरी पुरुष मुंबईच्या कापड गिरण्यांत होते. एका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा जण. दिवसपाळीचा उठला की त्याच जागेवर रातपाळीचा झोपायचा. जेवण खाणावळीत, आणि ती खाणावळ चालवायची एखादी बाईच. (या खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून द्यायला प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. आपल्या बचत गटांच्या कितीतरी आधी. त्यावर एकदा वेगळं बोलेन.) आणि या पुरुषांच्या बायका कुठे होत्या? गावाला. शेत, सासू-सासरे, गुरं सांभाळत. खोलीत जागा नव्हती म्हणून.

आमच्या मावशी त्यातल्याच. त्या म्हणाल्या, “लग्नानंतर नऊ वर्षांत मी मुंबईला दोनदा गेले. दोन्ही वेळा गाळ्यातली बाकीची माणसं आठवडाभर दुसरीकडे झोपायला गेली. लाज वाटायची बाई.” १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांच्या नोकऱ्या परत मिळाल्याच नाहीत. मावशींचे मालक तेव्हा कायमचे गावी आले. नवरा-बायकोचा संसार सुरू झाला तो नोकरी गेल्यावर.

त्यानंतर सहा वर्षांनी तो पिक्चर आला. गावात तो पोचला गणपतीत, भाड्यानं आणलेल्या व्हीसीआरवर. मी पाहिला तोही तसाच, पुढे बरीच वर्षं दर गणपतीत लागायचाच. मावशी सांगतात, चौघं पुरुष खोलीपायी चाललेली फजिती बघून त्यांचे मालक डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले होते. गाळ्यातल्या दिवसांबद्दल ते घरी कधी बोलले नाहीत. त्या रात्री मात्र घरी येताना एकेका माणसाचं नाव घेऊन सांगत राहिले.

म्हणून मी म्हणते, आपल्याला त्या काळाची ओढ नाही. तो काळ कुणाला परत हवाय? ओढ आहे ती तेवढ्या तीन तासांत सगळ्यांना छप्पर मिळतं आणि जोड्याही जुळतात याची. आणि जोड्या खऱ्याही जुळल्या की! सचिन-सुप्रियाचं लग्न आधीच, १९८५ साली झालं होतं. अशोक सराफ आणि निवेदिता जोशी यांचं १९९० साली झालं, आणि पुढे लक्ष्मीकांत आणि प्रिया अरुण यांचंही. पडद्यावर जोड्या सगळ्या अशाच नव्हत्या, ते सोडा.

एक गोष्ट मात्र मला यंदाच दिसली. त्या पिक्चरमध्ये मालकीच्या जागी बाया आहेत. बंगला लीलाबाईंचा. अशोक सराफ ज्या दुकानात नोकरी करतो, ते दुकान माधुरीचं. पुरुष लुगडं नेसतात ते एका बाईच्या दारात पाय ठेवायला मिळावा म्हणून. बाईला नवऱ्याच्या आणि बापाच्या मालमत्तेत वाटा, तोही पूर्ण मालकीचा, १९५६ च्या कायद्यानं दिलाच होता. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका जन्माचा हक्क महाराष्ट्रात १९९४ ला आला, तोही आधी लग्न झालेल्यांना सोडून. साऱ्या देशात आला २००५ ला. कागदावर हे सगळं आहे.

मी सभेत सहज विचारलं, ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घर कुणाकुणाच्या नावे आहे? अकरा जणींत दोन हात वर झाले. दोघीही विधवा. सूनबाई म्हणाली, “मग लीलाबाईंना मालक कुठं दाखवलाय?” सगळ्या गप्प झाल्या, आणि मग पुन्हा हसल्या. पण ते हसणं आधीसारखं नव्हतं.

त्या दिवशी कर्जाचं बोलणं पुढच्या सभेवर गेलं. निघताना मावशींनी हळूच विचारलं, “शेवटी त्या लीलाबाईंना कळतं का गं, ह्या बाया नाहीत म्हणून? मी कधी शेवट बघितलाच नाही. मंडळाच्या पोरांचा चहा माझ्याकडे असायचा.” विचारता विचारता कळलं, आणखी चौघींचं तसंच आहे. संवाद पाठ, पण सलग पिक्चर एकदाही नाही. चहा, भाकरी, रडणारं पोर.

आता येत्या शनिवारी बचत जमा झाल्यावर समाजमंदिरात टीव्ही लावायचा ठरलाय. चहा मालक लोक करणार आहेत. मावशींनी पुढची खुर्ची आत्ताच सांगून ठेवलीय.