समवर्ती भाषांची संभाव्यताधिष्ठित प्रतिमाने

एकाच वेळी चालणाऱ्या अनेक प्रक्रियांचे वर्णन करणाऱ्या संगणकीय भाषांना समवर्ती भाषा म्हणतात. त्यांचा अर्थ निश्चित करण्यासाठी व त्यांची तुलना करण्यासाठी संभाव्यतेवर आधारलेली गणिती प्रतिमाने वापरली जातात.

साध्या प्रतिमानात पुढची पायरी 'ही किंवा ती' एवढेच सांगता येते. येथे प्रत्येक पर्यायाला ० ते १ मधील संख्या जोडलेली असते. त्यामुळे दोन प्रक्रियांचे पर्याय सारखे असून भागत नाही, ते सारख्याच प्रमाणात निवडले जावे लागतात. किम लार्सन व आर्ने स्काऊ यांची तुल्यतेची संकल्पना (१९८९) याच कसोटीवर उभी आहे.

भाषांच्या तुलनेत याने पडणारा फरक नेतानिवडीत दिसतो. अगदी एकसारख्या प्रक्रियांनी आपल्यातून एक नेता ठरवायचा असतो. अरुंद बोळात समोरासमोर आलेल्या दोघांनी 'आधी तुम्ही' म्हणत एकदमच थांबावे आणि एकदमच निघावे, तशी त्यांची अवस्था होते. पाय-कलन या भाषेत (वर्तुळाच्या गुणोत्तराशी हिचा संबंध नाही) एकाच निवडीत निरोप धाडणे व घेणे असे दोन्ही पर्याय ठेवता येतात, म्हणून पेच सुटतो. निरोप धाडून पोचेची वाट न पाहणाऱ्या तिच्या असमकालिक रूपात तो सुटत नाही, हे कातुशा पालामिदेस्सी यांनी १९९७ मध्ये सिद्ध केले. पुढे ओल्तेआ हेरेस्कू यांच्यासह त्यांनी या दुबळ्या रूपाला यादृच्छिक निवडीची जोड दिली (२०००), तेव्हा ही उणीव भरून निघाली. यश मात्र १ या संभाव्यतेने मिळते: नाण्याचा अखंड छापच पडणे तर्काने शक्य असले, तरी त्याची संभाव्यता शून्य असते. एका टेबलाभोवती जेवायला बसलेल्या तत्त्वज्ञांच्या प्रसिद्ध कोड्यावर डॅनियल लेमन व मायकेल रॅबिन यांनी १९८१ मध्येच हीच युक्ती योजली होती.