सुपरचार्जर लावलेली गाडी घरच्या घरी ‘थंड’ कशी करतात?

फोर्ड मस्टँगची 2003-04 ची एसव्हीटी कोब्रा म्हणजे 4.6 लिटरचं व्ही-8 इंजिन, वर ईटनचा सुपरचार्जर आणि 390 हॉर्सपॉवर. अमेरिकेत या गाडीचे शौकीन तिची कूलिंग सिस्टीम घरच्या गॅरेजमध्येच सुधारतात. कशासाठी?

सायकलमध्ये हवा भरताना पंप तापतो, तसंच सुपरचार्जरमध्ये दाबलेली हवा तापते. गरम हवा विरळ असते, शिवाय नॉकिंगचा धोका. मग गाडीचा कॉम्प्युटर स्पार्क उशिरा देतो आणि ताकद घटते.

म्हणून इंटरकूलरला पाण्याचं वेगळं सर्किट असतं. त्यात इलेक्ट्रिक पंप, टाकी आणि पुढे रेडिएटरसमोर छोटा हीट एक्स्चेंजर. खरा फायदा हा एक्स्चेंजर मोठा बसवण्यात आहे. नुसती टाकी मोठी केली तर पाणी उशिरा तापतं, एवढंच. ड्रॅग रेसच्या काही सेकंदांना ते पुरतं, ट्रॅकवरच्या लांब फेऱ्यांना नाही.

नटबोल्टचं काम सोपं. गोम आहे ती हवा काढण्यात. बुडबुडा अडकला की पंप फिरतो, पाणी फिरत नाही. डॅशबोर्डवरचा काटा मात्र शांत, कारण तो इंजिनाचं तापमान दाखवतो! त्यामुळे कूलंट सावकाश भरायचं, पंप चालवायचा आणि टाकीत प्रवाह दिसतोय का ते बघायचं.

हे सगळं इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच. काढलेलं जुनं कूलंट गटारात ओतू नये. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल गोडसर पण विषारी असतं. जमिनीवर सांडलेलं चाटून कुत्र्या-मांजरांचा जीव जातो.