पिस्तुलाची चौकट : पोलाद, पॉलिमर आणि पुण्याचा अनुभव

शस्त्रांच्या इतिहासात नळी आणि काडतूस यांना जे महत्त्व मिळाले, ते चौकटीच्या वाट्याला आलेले नाही. वस्तुतः पिस्तुलाचे सर्व भाग ज्या सांगाड्यात बसतात आणि मूठ ज्याचे अंग असते, ती चौकटच होय. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही चौकट पोलादाऐवजी पॉलिमरची, म्हणजे बहुवारिक द्रव्याची, होऊ लागली. हा बदल वजन कमी व्हावे एवढ्याचसाठी झाला, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि घटनाक्रम तपासला असता असे दिसते की, चौकटीचे द्रव्य ठरविण्यात उत्पादनाच्या व्यवस्थेचा वाटा शस्त्राच्या यांत्रिक गरजांइतकाच मोठा आहे. पुण्यातील शस्त्रसंशोधनाचा अनुभव या निष्कर्षास पुष्टी देतो.

प्रथम यंत्ररचनेचा भेद ध्यानात घ्यावयास हवा. जुन्या पद्धतीच्या स्वयंचलित पिस्तुलात चाप ओढला की चौकटीत खिळलेला घोडा फिरतो आणि टाचणीवर आघात करतो. स्ट्रायकर पद्धतीत घोडा नसतो. स्प्रिंगने ताणलेला दांडा वरच्या सरकत्या भागात सरळ रेषेत पुढे धावून काडतुसाच्या टोपीवर आदळतो. आघाताचे मुख्य काम अशा रीतीने चौकटीतून निघून स्लाइडमध्ये जाते. मात्र एवढ्यावरून पॉलिमर चौकट ही स्ट्रायकरची अपरिहार्य परिणती होय, असे मानणे चुकीचे ठरेल. जॉन ब्राउनिंग यांचे बेल्जियममध्ये तयार होणारे १९०० सालचे पिस्तूल स्ट्रायकर पद्धतीचेच होते, आणि ते सर्वस्वी पोलादी होते. उलट १९९३ साली आलेल्या एका जर्मन पिस्तुलात पॉलिमर चौकट व घोडा एकत्र नांदले. हे दोन इतिहास स्वतंत्रपणे सुरू झाले आणि पुढे एकमेकांस मिळाले.

ब्राउनिंग हे नाव महाराष्ट्रास अपरिचित नाही. विनायक दामोदर सावरकर यांनी १९०९ साली लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले पाठविली, आणि त्याच वर्षी २१ डिसेंबर रोजी नाशिक येथे जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या, हा वृत्तांत सर्वश्रुत आहे. पुढे भारतीय सेनेत दीर्घकाळ रूढ झालेले ९ मिलिमीटरचे पिस्तूल ब्राउनिंग यांच्याच परंपरेतील होय. ब्राउनिंग यांचे प्रारंभीचे नमुने स्ट्रायकर पद्धतीचे होते. परंतु त्यांच्या निधनानंतर सेव्ह यांनी १९३५ साली पूर्णत्वास नेलेल्या पिस्तुलात घोडा आला. ईशापूरच्या कारखान्यात याच नमुन्याचे भारतीय पिस्तूल पोलादी चौकटीसह तयार होऊ लागले.

पोलादाला पहिला पर्याय ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा निघाला. स्वित्झर्लंडच्या सेनेने १९७५ साली स्वीकारलेल्या पिस्तुलाची चौकट तशीच होती. १९७० साली जर्मनीतील हेकलर आणि कोख या कंपनीने व्हीपी ७० हे पॉलिमर चौकटीचे, स्ट्रायकर पद्धतीचे पिस्तूल बाजारात आणले. पण चापाचा जडपणा नडला आणि त्याचा प्रसार बेताचाच राहिला. खरा पालट ऑस्ट्रियात घडला. गास्टन ग्लॉक हे बंदूककार नव्हते. सैन्यासाठी सुऱ्या व सरावाचे हातगोळे तयार करताना त्यांच्या कारखान्याने प्लॅस्टिकचे साचेकाम आत्मसात केले होते. त्यांचे पिस्तूल ऑस्ट्रियन सेनेने १९८२ साली निवडले. पोलादी चौकट घडीव ठोकळ्यातून कोरून काढावी लागते. त्यात श्रम, यंत्रांचा वेळ आणि कीस होऊन वाया जाणारी धातू यांचा व्यय मोठा. साच्यात ओतलेली चौकट मात्र एकदा साचा सिद्ध झाला की अल्पावधीत निघते. साचा अतिशय महाग, नग अतिशय स्वस्त, हे या पद्धतीचे अर्थशास्त्र होय. म्हणून मोठ्या मागणीवाचून तिचा लाभ मिळत नाही.

ग्लॉकच्या रिकाम्या पिस्तुलाचे वजन सुमारे ६२५ ग्रॅम, तर पोलादी ब्राउनिंगचे ९०० ग्रॅमहून अधिक. परंतु पॉलिमर चौकटीतही पोलाद नाहीसे झाले नाही. स्लाइड ज्यांवर धावते त्या चार लहान पट्ट्या पोलादीच आहेत, आणि अनुक्रमांकासाठी धातूची चकती बसविलेली असते. नळी व स्लाइड तर पोलादीच आहेत. तरीही अमेरिकेत 'न दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या बंदुकी'चा गवगवा होऊन १९८८ साली कायदा करावा लागला. जडपणाचाही एक गुण आहे : वजनदार चौकट प्रतिक्षेप शोषून घेते आणि दुसऱ्या गोळीचा नेम लवकर साधू देते.

पुण्याचा संबंध येथे येतो. १९५८ साली स्थापन झालेल्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने, जिचे कार्य आज पाषाण येथे चालते, इन्सास रायफलीचा आराखडा सिद्ध केला. तीत काडतुसांची पेटी अर्धपारदर्शक प्लॅस्टिकची होती; किती काडतुसे उरली हे सैनिकास दिसावे, हा हेतू स्पष्ट होता. १९९९ च्या कारगिल युद्धातील कडाक्याच्या थंडीत या पेट्या तडकल्याच्या तक्रारी आल्या. प्लॅस्टिक शस्त्रास निरुपयोगी, असा याचा अर्थ नव्हे. पॉलिमर हे एका द्रव्याचे नाव नसून मोठ्या कुलाचे नाव आहे. कोकणच्या दमट हवेत न गंजण्याचा त्याचा गुण आणि हिमशिखरांवर ठिसूळ होण्याचा दोष या दोहोंची पारख आधी प्रयोगशाळेत व्हावी लागते. ती अपुरी राहिली तर तिचे मोल सैनिकाला द्यावे लागते.

याच संस्थेने महू येथील इन्फंट्री स्कूलच्या साहाय्याने चार महिन्यांत घडविलेले 'अस्मी' हे मशीन पिस्तूल जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झाले. त्याचा वरचा भाग विमानांत वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमचा, खालचा भाग कार्बन तंतूंचा. चापाचे भाग धातूच्या त्रिमितीय मुद्रणाने केलेले. प्रत्येक नगाचा उत्पादनखर्च ५० हजार रुपयांच्या आत राहील, असा अंदाज त्या वेळी देण्यात आला. महागड्या साच्यावाचून नमुना उभा राहू शकतो, ही यातील अर्थपूर्ण गोष्ट होय. मोठ्या मागणीअभावी जो मार्ग बंद होता, तो मुद्रणतंत्राने निदान आराखड्याच्या टप्प्यावर खुला केला.

पाश्चात्त्य देशांतही निकाल एकतर्फी लागलेला नाही. अमेरिकन सेनेने २०१७ साली निवडलेल्या स्ट्रायकर पद्धतीच्या पिस्तुलात मूठ पॉलिमरची आहे. पण अनुक्रमांक असलेला, कायद्याने 'शस्त्र' ठरणारा भाग म्हणजे आतील पोलादी सांगाडा होय. नेमबाजीच्या स्पर्धांसाठी तर पोलादी चौकटीची स्ट्रायकर पिस्तुले पुन्हा निघू लागली आहेत. पोलाद हरले आणि पॉलिमर जिंकले, असे म्हणण्यापेक्षा दोघांत कामाची वाटणी झाली, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. ही वाटणी प्रत्येक देशास आपले हवामान, आपले कारखाने आणि आपली मागणी पाहून नव्याने करावी लागते. परक्याचा आराखडा उचलून ती साधत नाही.