दबावाखाली प्रामाणिक कसे राहायचे? ख्रिस्ती शिकवण आणि पंडिता रमाबाईंचे उदाहरण

अकोला जिल्ह्यातील हिवरखेडसारख्या कापूस पिकवणाऱ्या गावात प्रामाणिकपणाची परीक्षा वजनकाट्यावर होते. कर्जाचा हप्ता तोंडावर आला की कापसावर पाणी मारून वजन वाढवण्याचा मोह होतो. खोट्या वजन-मापांना बायबलमध्ये स्पष्ट मनाई आहे (लेवीय १९, नीतिसूत्रे ११). पण खोटेपणा फक्त काट्यावर नसतो. आपल्याबद्दलचा सोयीचा गैरसमज तसाच राहू देणे हाही खोटेपणाच आहे. तो टाळण्याची किंमत पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) मोजली.

बायबल काय सांगते?

- शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही दहा आज्ञांपैकी एक (निर्गम २०).
- शपथ घेण्याची गरजच पडू नये इतके सरळ बोलावे, असे येशू डोंगरावरील प्रवचनात सांगतो (मत्तय ५).
- शिष्य पेत्र भीतीपोटी येशूची ओळख तीनदा नाकारतो आणि नंतर रडतो. पुढे येशू त्यालाच पुन्हा जबाबदारी देतो (योहान २१). म्हणजे चुकलेल्याला परतीची वाट आहे.
- जकातदार जक्कय फसवून घेतलेले चौपट परत करायला तयार होतो (लूक १९). नुसती कबुली पुरत नाही, भरपाईही करावी लागते.

रमाबाईंवर पहिला दबाव कोणाचा होता?

चर्चचाच. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी मुलगी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला. परक्या देशात त्यांना निवारा आणि आधार होता तो तिथल्या अँग्लिकन भगिनी समुदायाचा. तरीही त्रैक्य आणि येशूचे देवत्व याविषयीच्या शंका त्यांनी लपवल्या नाहीत. सिस्टर जेराल्डीन यांना पत्रे लिहून त्यांनी वाद घातला. जे मनाला पटलेले नाही, ते केवळ धर्मगुरू सांगतात म्हणून मान्य असल्याचे त्यांनी म्हटले नाही.

दुसरा दबाव कोणता?

११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. खर्च अमेरिकेतील रमाबाई असोसिएशन करत असे. मुलींच्या धर्मात ढवळाढवळ करायची नाही, हे धोरण ठरलेले होते. सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर होते.

रमाबाई आपल्या खोलीत मनोरमासोबत प्रार्थना करत आणि दार उघडे ठेवत. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. पुण्यात गदारोळ उठला, ‘केसरी’ने टीका केली. दार लावून घेतले असते तर कदाचित वाद निवळला असता. पण स्वतःची श्रद्धा लपवायला त्या तयार नव्हत्या. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी मंडळ सोडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

टीकाकारांचे म्हणणे चूक होते का?

ते पूर्णपणे झटकता येत नाही. संस्था चालवणाऱ्या बाईंच्या प्रार्थनेचा आश्रयाला आलेल्या मुलींवर प्रभाव पडणारच, ही पालकांची भीती खरी होती. पुढे काही मुली ख्रिस्ती झाल्याही. मी माझी श्रद्धा लपवणार नाही आणि कोणावर लादणारही नाही, ही रमाबाईंची भूमिका होती. या दोन गोष्टींमधली रेषा कुठे आखायची, यावर आजही मतभेद आहेत. पुढे केडगावचे मुक्ती मिशन त्यांनी उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणूनच चालवले.

स्वतःशी प्रामाणिकपणा

बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्ताची खरी ओळख बरीच नंतर झाली, असे रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत लिहिले. स्वतःची जुनी अपूर्णता त्यांनी झाकली नाही.

यातून काय घेता येते?

- प्रामाणिक असणे म्हणजे सगळ्यांना सगळे सांगणे नव्हे. मात्र आपल्या गप्प राहण्याने कोणी फसत असेल, तर बोलावे लागते.
- मदत करणाऱ्यालाही ‘हे मला पटत नाही’ असे आदराने सांगता येते.
- दबाव येण्याआधीच आपली मर्यादा ठरवावी. व्यापारी काट्यापाशी उभा असताना ते अवघड जाते.
- चूक झालीच तर कबूल करावी आणि नुकसान भरून द्यावे.