ग्रुनफेल्डच्या आधी महेशचंद्र

मे १८५५. कलकत्त्यात शतरंजच्या बिसातीवर समोरासमोर दोन शातिर. (उर्दूत शातिर म्हणजे नुसता लबाड नव्हे, बुद्धिबळ खेळणाऱ्यालाही हाच शब्द आहे.) पांढऱ्या मोहऱ्या जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टराच्या, काळ्या महेशचंद्र बॅनर्जी या बंगाली ब्राह्मणाच्या.

कॉक्रेनने वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे सारले. त्या काळी युरोपात काळ्यानेही आपले प्यादे मधोमध आणून उभे करावे, असा रिवाज. महेशचंद्रांनी आधी घोडा काढला, मग राजाच्या घोड्यापुढचे प्यादे एकच घर सरकवून उंटासाठी वाट केली. आपल्या जुन्या देशी खेळात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर चाले. ही त्या खेळात मुरलेल्या हाताची सवय असावी. पण तिसऱ्या खेळीत त्यांनी विलायती नियमाचा पुरेपूर फायदा घेतला. वजिरापुढचे प्यादे एकदम दोन घरे नेऊन शत्रूला भिडवले. पुढे पांढऱ्याला मधली जागा घेऊ दिली आणि बाजूच्या प्याद्याने व दूरच्या उंटाने तीच पोखरायला घेतली. याला बचाव म्हणायचे ते केवळ काळ्या मोहऱ्यांमुळे!

डाव मात्र ते हरले. अठराव्या खेळीत त्यांच्या घोड्याने कॉक्रेनचा वजीर धरला. पण तोवर उशीर झाला होता. पुढच्या तीन खेळींत मात ठरलेली: घोड्याचा दुहेरी शह, मग वजिराचे बलिदान, शेवटी पुन्हा घोडा. कोपऱ्यातल्या राजाला पळायला घर नाही. वाट अडवून उभे त्याचेच हत्ती, प्यादे आणि तो लाडका उंट.

१९२२ साली ऑस्ट्रियाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने हीच मांडणी मोठ्या स्पर्धांत आणली, व्हिएन्नात अलेखाइनसारख्याला हरवले, आणि बचावाला त्याचे नाव लागले. ग्रुनफेल्डने काही चोरले नाही. अभ्यास करून त्याने शास्त्र उभे केले. या जातीच्या सगळ्या बचावांना 'भारतीय' म्हणतात, हेही खरे. देशाचे नाव राहिले, माणसाचे गेले. इंग्रजी नोंदींत तो कुठे 'मोहेशचंदर' आहे, कुठे 'मोहिशंदर'.